सतरा नंबरची कल्पना

फळ्यावर प्रश्न लिहून झाल्यापासून पहिला हात वर यायला चार सेकंद लागले. तो मुलगा बोलून खाली बसला आणि बरोबर दोन सेकंदांनी दुसरा हात वर आला. दुसरी मुलगी बसल्यावर पुन्हा दोन सेकंदांनी तिसरा. हे अंतर शेवटपर्यंत बदललं नाही. कोणी मागच्या भिंतीला टेकून नीट पाहिलं असतं तर त्याला शंका यायला हवी होती. गोष्टी आपोआप घडतात तेव्हा त्या अशा घडत नाहीत. कढईत लाह्या फुटतात तेव्हा आधी एक फुटते, मग बराच वेळ काही नाही, मग दोन, मग एकदम तडतडाट, आणि शेवटी एखादी चुकार लाही. सुचण्याचंही तसंच असतं. या वर्गात मात्र सुचणं रांगेत, शिस्तीत, आपला नंबर धरून येत होतं.

कारण ही तालीम होती.

वरून सूचना आलेली होती की मुलांना नुसतं शिकवू नका, त्यांना विचार करायला लावा. दर महिन्याला विचारमंथनाचा एक तास घ्या. एक प्रश्न द्या आणि मुलांच्या डोक्यात जे येईल ते मोकळेपणानं बोलू द्या. या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई असा तास इतका सुरेख घेत की तो पाहायला दुसऱ्या शाळांतून शिक्षक येत. पुढच्या मंगळवारी वीस पाहुणे येणार होते. प्रश्न होता, "उन्हाळ्यात आपली वर्गखोली थंड कशी ठेवता येईल?" बाईंनी एका कागदावर चोवीस कल्पना लिहिल्या होत्या आणि चोवीस मुलांना वाटून दिल्या होत्या. उरलेल्या अठरा जणांनी माना डोलवायच्या होत्या.

"छताला पांढरा रंग द्यावा," पंधरावा म्हणाला.

"खिडक्यांना ओले पडदे लावावेत," सोळावी म्हणाली.

दोन सेकंद गेले. तिसऱ्या बाकावरची एक लहानखुरी मुलगी उभी राहिली. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती कायम स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून चाललेली दिसे. कधी नकाशाची गुंडाळी, कधी वर्गाच्या वह्यांचा गठ्ठा.

"सगळ्या खिडक्या आणि दारं बंद करून घ्यावीत," मुंगी स्पष्ट आवाजात म्हणाली.

वर्ग हसला. हेही ठरलेलं होतं.

"जरा जास्त झालं," बाई म्हणाल्या. "हसायचं, पण दात दाखवून नाही. पाहुण्यांना वाटलं पाहिजे की सहज हसू आलं. आणि रेडिओ, तू बाकावर थाप मारलीस ती कोणी सांगितली होती?"

रेडिओ नावाचा मुलगा झोपेतही बोलतो असं त्याची आईच सांगे. तो म्हणाला, "बाई, ती सहज मारली गेली."

"सहज काही करायचं नाही."

मग बाईंनी आपलं वाक्य म्हटलं, तेही तालमीतच होतं. "चुकीचं असलं तरी चालेल, बाळ. इथे प्रत्येक कल्पनेचं स्वागत आहे." आणि फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी मुंगीचीही कल्पना लिहिली. पाहुण्यांना हा क्षण सर्वांत आवडे. चुकलेल्या मुलालाही इथे मान आहे, असं ते वहीत टिपून घेत. म्हणून चोवीस कल्पनांमध्ये एक चुकीची लागेच, आणि ती सतराव्या नंबरला ठेवलेली असे. विषय बदलत, सतरावा नंबर बदलत नसे. तीन वर्षं तो मुंगीकडे होता. ती वर्ग हसला तरी रडत नसे, वाक्य विसरत नसे, आणि चुकीचं वाक्यसुद्धा मनापासून म्हणत असे.

बाई वाईट शिक्षिका होत्या असं कोणी समजू नये. आठ वर्षांपूर्वी त्यांनी हा तास खराखुरा घेतला होता. प्रश्न विचारला होता आणि थांबल्या होत्या. दोन मिनिटं चाळीस सेकंद कोणी बोललं नाही. मुलं फळ्याकडे पाहत होती, बाई मुलांकडे, आणि मागे बसलेले तपासणी करणारे साहेब घड्याळाकडे. त्यांनी अहवालात दोनच शब्द लिहिले: वर्ग निर्जीव. ते दोन शब्द बाईंच्या मनात असे बसले की पुन्हा कधी शांतता आली तर, या धास्तीनं त्यांनी पहिला कागद लिहिला. पुढच्या वेळी हे बंद करू, असं त्या दर वेळी स्वतःला सांगत. आठ वर्षं सांगत आल्या होत्या.

शनिवारी शाळा सुटताना मुलांनी पुढच्या वर्षीच्या विषयांचे फॉर्म आणून दिले. ते मंगळवारी संध्याकाळपर्यंत कार्यालयात द्यायचे होते. बाई प्रयोगशाळेतल्या टेबलाशी बसून ते लावत होत्या. खिडकीतून आलेलं ऊन काचेच्या बरण्यांतून वाकून समोरच्या भिंतीवर पडलं होतं आणि तिथे ते पाण्यासारखं हलत होतं. बाहेरचा आवाज कमी कमी होत गेला. अशा वेळी शाळेच्या इमारतीला स्वतःचा असा एक श्वास असतो. लाकूड निवतं, पत्रा आवळतो, कुठेतरी एक नळ थेंब थेंब मोजत राहतो.

मुंगीचा फॉर्म नेहमीसारखा नीटनेटका होता. विज्ञान या शब्दापुढे तिनं "नाही" लिहिलं होतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "मला चुकीचं सुचतं."

बाईंनी ते दोनदा वाचलं. मुंगी पलीकडच्या मोरीशी परीक्षानळ्या धूत होती. शनिवारी ते काम ती आपणहून करी.

"मुंगे, इकडे ये जरा. हे काय लिहिलंयस?"

मुंगीनं हात झग्याला पुसले आणि कागद पाहिला. "खरंच आहे ना, बाई."

"कोण म्हणालं तुला?"

"कोणी नाही. पण सतरा नंबर तीन वर्षं माझ्याचकडे आहे." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उंची किंवा वजन सांगावं तसं ती सांगत होती.

"अगं, ती आपली तालीम असते. ते वाक्य मी लिहिलेलं असतं. तू चांगलं बोलतेस म्हणून तुला देते मी."

"हो बाई. पण मला शोभतं म्हणूनच देता ना?"

बाईंनी फॉर्म पुन्हा हातात घेतला. मुंगीला वाटलं, बाई रागावल्या. तिनं दप्तरातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक नळी काढून हळूच टेबलावर ठेवली.

"हा तुमचा थर्मामीटर. मागच्या आठवड्यात घरी नेऊ का विचारलं होतं, तुम्ही हो म्हणाला होतात. पण बाई, तो बिघडलाय. मी पाडला नाही, शपथ."

"बिघडलाय कशावरून?"

"आमच्या दोन खोल्या आहेत. आई सकाळी कामावर गेल्यावर मी आतल्या खोलीची खिडकी आणि दार बंद केलं, बाहेरच्या खोलीचं उघडं ठेवलं. वाक्य माझं होतं ना, म्हटलं करून बघू. मधल्या सुट्टीत घरी जाऊन दोन वाजता पाहिलं, तर बाहेरच्या खोलीत छत्तीस दाखवलं आणि बंद खोलीत बत्तीस." तिनं तीन बोटं वर केली. "तीन दिवस तसंच दाखवलं. सतरा नंबर चुकीचा असतो, म्हणजे थर्मामीटरच बिघडला असणार."

बाईंनी तो थर्मामीटर उचलून उजेडात धरला. पारा स्थिर होता. आपण त्याच्याकडे पाहतोय की तो आपल्याकडे, हे त्यांना क्षणभर कळेना. मुंगी परत जाऊन नळ्या धुऊ लागली. पाण्याचा बारीक आवाज येत राहिला. बाईंनी तिचा फॉर्म गठ्ठ्यात न घालता पर्समध्ये ठेवला.

बाईंच्या घरी त्या आणि त्यांची आत्या, दोघीच राहत. आत्यानं एकतीस वर्षं हवामानाच्या वेधशाळेत निरीक्षक म्हणून काम केलं होतं. टेकडीवरच्या त्या छोट्या इमारतीत ती दिवसातून आठ वेळा तापमान, वारा आणि ढग पाहून वहीत लिहीत असे. निवृत्त झाली तरी डोळे आभाळातून निवृत्त झाले नव्हते. खिडकीशी खुर्ची टाकून ती ढगांकडे अशी पाही, जशी एखादी बाई गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहते.

"आलीस? चेहरा का असा? कोणी मारलं की काय?" आत्यानं विचारलं.

बाईंनी पिशवी ठेवली, पाणी घेतलं आणि सगळं सांगितलं. तालीम, सतरा नंबर, फॉर्म, थर्मामीटर. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की आठ वर्षांत त्यांनी आत्याला तासाचं कौतुक सांगितलं होतं, कागदाचं कधीच नाही.

आत्या आधी हसली. पोट धरून हसली. "म्हणजे लोणी आधीच डेऱ्यात टाकून ठेवायचं, वर रवी फिरवायची, आणि पाहुण्यांना म्हणायचं, बघा कसं निघालं."

"तू हसू नकोस गं."

"नाही हसत. ऐक. आमच्याकडे एक निरीक्षक होता. नाव नको, बिचारा गेला आता. त्याला दुपारी झोप आवरत नसे. तो काय करी, तीन वाजताची नोंद बारा वाजताच लिहून टाकी. वारा पश्चिमेचा, वेग बेताचा, आभाळ निरभ्र. सहा महिने चाललं. मग एकदा साहेबांनी वही मागवली आणि पानं चाळताच पकडला."

"कसा?"

"त्याच्या वहीत वारा सहा महिने एकदाही बदलला नव्हता. खरा वारा इतका आज्ञाधारक नसतो." आत्या खुर्चीत पुढे सरकली. "तूही तेच करतेस. दुपारचा वारा सकाळी लिहितेस. फरक एवढाच की त्याच्या वहीनं वाऱ्याचं काही बिघडलं नाही. वाऱ्याला काय, कोणी काहीही लिहो. तुझी पोरं मात्र वही वाचतात. आणि वहीत लिहिलंय तशी वागायला लागतात."

"पण आत्या, शांतता पसरली तर? तुला नाही माहीत ती काय असते. बेचाळीस मुलं, आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही."

"मला नाही माहीत? अगं, तास तास ढग हलत नसत. तेव्हा मी काय लिहीत होते? ढग हलले नाहीत, असंच. तीही नोंदच असते. पोरं गप्प असतात म्हणजे त्यांच्या डोक्यात काही चाललेलं नसतं असं तुला सांगितलं कोणी?"

बाहेर संध्याकाळचा उजेड हळूहळू पातळ होत होता.

"आणि काय गं," आत्या म्हणाली, "ते खिडक्या बंद करण्याचं चुकीचं कसं? कोणी ठरवलं?"

"मी. पुस्तकात असतंच ना, हवा खेळती हवी."

"बाहेरची हवा आतल्यापेक्षा तापलेली असेल तेव्हा ती आत खेळवून काय मिळणार?"

बाई विज्ञानाच्या पदवीधर होत्या. उष्णता कुठून कुठे जाते हे त्यांनी हजार वेळा फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. पण त्या वाक्याला त्यांनी तो बाण कधी लावलाच नव्हता. चुकीच्या रकान्यात टाकलेलं वाक्य, त्याचा विचार कशाला करायचा? वर्गातल्या बेचाळीस मुलांपैकी एकीनंच तो केला होता, आणि उत्तर हाती आल्यावर दोष थर्मामीटरला दिला होता.

रविवारी सकाळी बाईंनी आधी थर्मामीटर तपासला. वितळत्या बर्फात तो बरोबर शून्यावर उभा राहिला. उकळत्या पाण्यात शंभराच्या जरासा खाली. "आपण उंचावर राहतो, तेवढं चालायचंच," आत्या म्हणाली. मग नऊ वाजता बाईंनी आपल्या खोलीच्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले, दार लोटलं. बैठकीच्या खोलीत सगळं उघडं ठेवलं.

दुपारी दोन वाजता त्या बंद खोलीत जाऊन बसल्या. पाऱ्याला स्थिर व्हायला काही मिनिटं द्यावी लागतात. खोलीत हिरवट अंधार होता. पडद्याच्या फटीतून आलेली उजेडाची एक रेघ जमिनीवर पडली होती आणि तिच्यात धुळीचे कण सावकाश वर-खाली होत होते. त्यांना कसली घाई नव्हती. कुठला कण कधी उजेडात येईल हे कोणी ठरवलेलं नव्हतं. एखादा नुसता कडेशी रेंगाळे, एखादा चमकून पुन्हा अंधारात जाई. बाईंना वाटलं की आपण एका मोठ्या, शांत वर्गात बसलो आहोत आणि हे सगळे कण म्हणजे अजून न बोललेली वाक्यं आहेत. तीन वर्षांतली, आठ वर्षांतली. मुलांना सुचलेली, आणि आपला नंबर नाही म्हणून त्यांनी गिळलेली. त्या कणांना त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. झोप लागली होती की नव्हती, हे त्यांना नंतर सांगता आलं नसतं.

पाऱ्यानं एकतीस दाखवलं. बैठकीच्या खोलीत तो पस्तीसवर गेला.

"बघ," आत्या म्हणाली. "पोरगी बरोबर होती."

"पण इथे मी एकटी होते. वर्गात बेचाळीस मुलं असतात. बेचाळीस शरीरांची उष्णता, बेचाळीस जणांचा श्वास. सगळं बंद केलं तर खोली आतूनच तापेल, जीव घाबरेल. मग?"

"मला नाही माहीत."

"कोणाला माहीत असेल?"

"मला वाटतं, कोणालाच नाही. निदान तुझ्या वर्गाबद्दल तरी नाही. म्हणजे आत्ता कुठे तुला विचारण्यासारखा प्रश्न सापडला."

वाचकहो, बाईंना हसण्याआधी आपण आपल्या घरात डोकावून पाहू. मुलाला आपण विचारतो, "तुला काय वाटतं?" आणि विचारतानाच आपल्या आवाजात उत्तर मिसळून देतो. त्यानं तेच परत केलं तर म्हणतो, किती शहाणा आहे. वेगळं काही बोलला तर प्रेमानं म्हणतो, चुकलं तरी चालेल हं. कार्यालयातल्या बैठकीतही हेच चालतं. साहेब म्हणतात, मोकळेपणानं बोला. आणि सगळे साहेबांच्या मनातलं मोकळेपणानं बोलतात. प्रत्येक घरात, प्रत्येक कचेरीत एक सतरावा नंबर असतो. त्याच्यावर हसायची सवय झालेली असते, आणि त्यालाही हसून घ्यायची सवय झालेली असते. त्याच्या थर्मामीटरमध्ये काय दिसतं, हे विचारायला कोणी जात नाही.

सोमवारी बाई मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. टेबलावर पाहुण्यांची यादी होती आणि मोठ्या बाई खुर्च्यांचा हिशेब जमवत होत्या.

"या, या. पोरं तयार आहेत ना?"

"मोठ्या बाई, मी म्हणत होते, उद्याचा तास... या वेळी थोडा मोकळा..."

"मोकळाच असतो की तुमचा. म्हणून तर लोक येतात." त्यांनी चष्मा काढला. त्या थकलेल्या होत्या, दुष्ट नव्हत्या. "हे बघा बाई, वीस माणसं लांबून येणार. एखाद्याला ऐन वेळी काही सुचलंच नाही तर आपली शोभा होईल. तुमची तर सगळ्यात आधी. आठवतं ना?"

बाईंना आठवत होतं. वाक्य घशापर्यंत आलं होतं, ते तिथेच थांबलं. "हो," एवढंच म्हणून त्या बाहेर आल्या. जिना उतरताना त्यांना स्वतःचा राग आला नाही, फक्त आपण फार हळू चालत आहोत असं वाटलं.

मंगळवारी दुपारी वर्ग खचाखच भरला. मागच्या बाजूला वीस खुर्च्या, त्यांवर वीस पाहुणे, मांडीवर वह्या. मोठ्या बाई दाराशी बसल्या. ऊन खिडक्यांतून तिरपं आत आलं होतं आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर घामाची बारीक लकाकी होती. पंखे फिरत होते, गरम हवा इकडची तिकडे करत होते. मुलांच्या पाठी ताठ होत्या. मुंगी आपल्या जागी ओठ हलवत आपलं वाक्य घोकत होती.

बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहिला. पहिल्या मुलाचा हात वर आला.

"हात खाली घे," बाई म्हणाल्या.

मुलानं गोंधळून हात खाली घेतला. तो इतरांकडे पाहू लागला, इतर त्याच्याकडे.

बाई पाहुण्यांकडे वळल्या. आवाज साधा ठेवायचा असं त्यांनी ठरवलं होतं. "तुम्ही जो तास पाहायला आलात, तो माझ्याकडे कागदावर लिहिलेला आहे. चोवीस कल्पना, सगळ्या माझ्या. मुलांनी त्या पाठ केल्या आहेत. मुलांचा यात दोष नाही. त्यातली एक मी मुद्दाम चुकीची लिहिली होती. मला परवा कळलं की ती चुकीची नव्हती."

मागे कोणाची तरी पेन्सिल खाली पडली. मोठ्या बाई उठू लागल्या आणि अर्ध्यातच थांबल्या.

"मुंगे, उभी राहा. तू घरी काय मोजलंस ते सांग."

मुंगी उभी राहिली. तिनं ओळीनं सांगितलं: दोन खोल्या, एक बंद, एक उघडी, दुपारचे दोन, छत्तीस आणि बत्तीस, तीन दिवस. मग तिनं मान खाली घातली. "पण बाई, थर्मामीटर बिघडलेला होता."

"नव्हता. मी बर्फात आणि उकळत्या पाण्यात तपासला. माझ्या घरीही चार अंशांचाच फरक आला." बाई मुंगीच्या बाकाजवळ आल्या. "चूक माझी होती, थर्मामीटरची नाही आणि तुझी तर नाहीच. आता मला अडलेलं सांगते. घरी मी खोलीत एकटी होते. इथे आपण बेचाळीस, आणि आज तर त्याहून जास्त. खिडक्या बंद केल्या तर आपलीच उष्णता आत कोंडेल. उघड्या ठेवल्या तर बाहेरची येईल. मग काय करायचं? मला उत्तर माहीत नाही. कागदावर नाही, पुस्तकात मी शोधलं नाही. तुम्ही सांगा."

शांतता पसरली. बाईंना ती ओळखीची वाटली. आठ वर्षांपूर्वी त्या तिच्यापुढे घाबरून उभ्या होत्या. आज त्या तिच्यात नुसत्या उभ्या राहिल्या, जशी माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहतात. मुलांचे डोळे त्यांना दिसत होते. काही छताकडे होते, काही खिडकीकडे, काही कुठेच नव्हते, आत होते. कोणी गप्प होतं, पण कोणी रिकामं नव्हतं.

"बाई," कोणीतरी अडखळत म्हणालं. तो नेहमी माना डोलवणाऱ्या अठरा जणांपैकी एक मुलगा होता. त्याचा आवाज वर्गानं क्वचितच ऐकला होता. "आपण आत नसतो तेव्हा बंद ठेवायच्या का? म्हणजे मैदानावर असतो तेव्हा?"

"त्यापेक्षा रात्रभर उघड्या ठेवायच्या," दुसरी म्हणाली. "रात्री बाहेर गार असतं."

"रात्री चोर येतील."

"चोर काय नेणार, तुझी वही?"

"फक्त उन्हाकडच्या बंद आणि सावलीकडच्या उघड्या."

"बाई, एका माणसाची उष्णता किती असते?"

"बाई, थर्मामीटर खाली ठेवला तर वेगळं दाखवेल आणि वर ठेवला तर वेगळं?"

रेडिओ तोवर कसाबसा थांबला होता. तो उभा राहून अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "बाई, पाहुणे व्हरांड्यात उभे राहिले तर वीस माणसांची उष्णता आत्ताच कमी होईल."

पाहुणेच आधी हसले. एक पांढऱ्या केसांच्या शिक्षिका खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी चक्क हात वर केला. "मी जाते व्हरांड्यात. पण जायच्या आधी मला एक सुचलंय, ते बोलू का?"

फळा भरला. बाई एकही कल्पना पुसत नव्हत्या, कुठलीच कोपऱ्यात लिहीत नव्हत्या. मुंगी अजून उभीच होती. बसायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. ती म्हणाली, "बाई, असं भांडून नाही कळणार. एक दिवस बंद ठेवू, एक दिवस उघड्या, आणि दर तासाला मोजू. मी वही ठेवते." आणि मग, सगळ्यांसमोर आहोत हे विसरून, "बाई, माझा फॉर्म तुम्ही दिला का?"

"नाही. माझ्याकडेच आहे."

"मग परत द्या. मला त्यात एक शब्द बदलायचाय."

बाईंनी फॉर्म काढून तिच्या हातात दिला. मोठ्या बाई एव्हाना फळ्यापर्यंत आल्या होत्या. त्या रागावल्या होत्या की गोंधळल्या होत्या, हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "आज निभावलं, बाई. पण पुढच्या खेपेला वर्ग खरंच गप्प बसला तर काय करायचं?"

बाईंनी खडू ठेवला. आठ वर्षं घशाशी अडकलेलं वाक्य आता अडकलं नाही, आणि ते त्या मागच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"गप्प बसला तर मीही मुलांबरोबर गप्प बसेन, मोठ्या बाई. उत्तर आधीच ठरलेलं असलं की मुलं विचार करत नाहीत, फक्त आपल्या पाळीची वाट बघतात. म्हणून आजपासून माझ्या वर्गात कुठल्याही मुलाला त्याची कल्पना मी देणार नाही. बरोबरही नाही आणि चुकीचीही नाही."